मागच्या दांड्यावरचा कोट

माझ्या नणंदेनं एकाच प्रश्नाला दोनदा तेच उत्तर दिलेलं कुणी ऐकलं असेल, तर मला येऊन सांगा. त्या माणसाचे कपडे मी जन्मभर फुकट रफू करून देईन. मी त्यांना वन्सं म्हणते आणि त्या मला टाचणी म्हणतात. माझी जीभ टोचते म्हणे. टोचते तर टोचते, पण वर्षानुवर्षं मी त्यांना एकच साधा प्रश्न विचारत आले: वन्सं, तुम्ही हे का करता?

आमची लॉन्ड्री आहे. दुकान अरुंद आणि लांबलचक. पुढं लाकडी काउंटर, त्याच्या मागं रस्त्यावरून काचेतून दिसेल असा तयार कपड्यांचा दांडा. मधे इस्त्रीचं टेबल, आत धुलाईचं मशीन. खिडकीपाशी माझं शिलाई मशीन, कारण आमच्याकडे आलेल्या कपड्याचं बटण तुटलेलं असलं तर ते लावूनच परत जातं. माझे मिस्टर गाडीवरून कपडे आणतात, पोचवतात. दुकान मात्र वन्संचं. वडील गेल्यावर त्यांनीच ते उभं केलं, त्यामुळे शब्दही त्यांचाच चालतो.

आता गंमत ऐका. काउंटरच्या वर पाटी आहे: ‘कपडे एका वर्षाच्या आत न्यावेत. त्यानंतर दुकान जबाबदार नाही.’ अशी पाटी सगळ्याच लॉन्ड्र्यांत असते. लोक कपडे टाकतात आणि विसरतात. कुणाची बदली होते, कुणाचं पोट सुटतं, कुणाचं ज्याच्यासाठी कपडा धुतला त्याच्याशीच वाजतं. बाकीचे लॉन्ड्रीवाले वर्ष उलटलं की असले कपडे जुनेवाल्याला विकून मोकळे होतात. आमच्या वन्सं ते कपडे पुढच्या दांड्यावरून काढतात आणि पडद्यामागच्या दुसऱ्या दांड्यावर लावतात. तो आमचा मागचा दांडा. ज्याला कुठं नोकरीसाठी बोलावलंय, बँकेत कर्ज मागायला जायचंय, कोर्टात उभं राहायचंय आणि अंगावर धड कपडा नाही, त्यानं तिथून हवं ते न्यावं. पैसे नाहीत, तारण नाही, ओळखपाळख नाही.

बरं, फुकट म्हणून कसंही नाही. मागच्या दांड्यावरच्या कपड्याला तीच वाफ, तेच कव्हर, तीच कडक इस्त्री. कामाची गर्दी असली तरी वन्सं रोज त्यातला एखादा कपडा मधे घुसडतातच. मी एकदा कुरकुरले, की आधी गिऱ्हाइकांचं तर उरकू, मग उरल्या वेळात हे करू.

“उरल्यावर देऊ म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही गं टाचणी,” त्या म्हणाल्या. “साबण लागतो, वीज लागते, तसा मागचा दांडा लागतो. धंद्यातच धरलाय मी तो.”

आणि नियम तरी किती! कपडा घरी धुऊन आणायचा नाही. “धुणं आमचं काम, तुम्ही कशाला आमच्या पोटावर पाय देता?” हे मला पटायचं, कारण घरी धुतलेला कोट म्हणजे पोतेरं. दुसरा नियम, काम झालं की घरी न जाता थेट दुकानात यायचं, स्टुलावर बसायचं आणि काय काय झालं ते सगळं सांगायचं. समोर किती जण होते, काय विचारलं, पाणी दिलं का, खुर्ची कसली होती. वन्संच्या चौकश्यांपुढं पोलीससुद्धा फिके. पण तिसरा नियम मला कधी कळलाच नाही. कपडा पिशवीत घालून न्यायचा नाही. दुकानातच, आमच्यासमोर अंगात चढवायचा आणि तसंच निघायचं. मग बाहेर उन्हानं अंगाची लाही होत असली तरी कोट घालूनच रस्त्यावर उतरायचं. हा काय जुलूम?

का, म्हणून विचारलं की दर वेळी नवं उत्तर. मला म्हणाल्या, “नुसता टांगून ठेवला की कपडा खांद्यावर पिवळा पडतो.” माझ्या मिस्टरांना म्हणाल्या, “अरे, जाहिरात आहे ही. नोकरी लागल्यावर तो शर्ट कुणाकडे टाकेल?” हे खोटं नव्हतं, आमची कितीतरी कायमची गिऱ्हाइकं मागच्या दांड्यावरूनच पुढच्या दांड्यावर आलेली. इस्त्रीवाल्या काकांना म्हणाल्या, “मला गोष्टी ऐकायला आवडतात.” घरमालकाला काय म्हणाल्या ते त्यांनाच ठाऊक. मी मात्र पिच्छा सोडला नाही, कारण उत्तरं अनेक असतात तिथं खरं उत्तर कुणी तरी बुडाशी दाबून ठेवलेलं असतं.

“हे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र झालं,” मी एकदा तोंडावर सांगितलं. “कपडे लोकांचे आणि दानशूर तुम्ही. उद्या मालक आला तर?”

“आला तर हातात देऊ. कपडा त्याचाच आहे.”

“आणि तेव्हा कपडा दुसऱ्याच्या अंगावर असला तर?”

वन्सं म्हणाल्या, “दिलेल्या पावतीचा कपडा ज्या दिवशी मला हातात देता येणार नाही, त्या दिवशी हा दांडा मी स्वतःच्या हातानं उतरवीन.”

मी म्हटलं, बघू. आणि तो दिवस आला.

आदल्या दिवशी संध्याकाळी एक उंचच उंच माणूस आला होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव शिडी ठेवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा. आधी शर्टाच्या इस्त्रीचा भाव विचारला, बरोबर शर्टच नव्हता. मग हवापाण्याचं बोलला. मग वन्संनीच विचारलं, “कधी आहे इंटरव्ह्यू?” तेव्हा गडी मोकळा झाला. छापखान्यात कागदाचं कोठार सांभाळायचा, छापखाना बंद पडला, तेव्हापासून घरी. आता एका शाळेला कोठार सांभाळायला माणूस हवा होता. वन्संनी राखाडी कोट काढला. मागच्या दांड्यावरचा तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात देखणा कोट. शिडीला बाह्या आखूड पडत होत्या, तेव्हा मी आतली दुमड उसवून, खाली सोडून, कच्चा टाका घालून ठेवला.

सकाळी तो आला, कोट चढवला, दारापर्यंत गेला, परत आला, पाणी प्यायला, परत दारापर्यंत गेला.

“जा की आता!” मी ओरडले. “का वरात काढू तुमची?”

गेला एकदाचा.

तो जाऊन थोडा वेळ झाला असेल नसेल, एक बाई आत आल्या. केस अर्धे पिकलेले, खांद्याला मोठी पर्स, चेहऱ्यावर लग्गेच भांडेन असा भाव. त्यांनी पर्समधून एक पावती काढून काउंटरवर ठेवली. घडी घालून घालून तिचा कागद कापडागत मऊ झाला होता.

“हा कोट द्या,” त्या म्हणाल्या. “घर आवरताना पावती सापडली. दुपारी सामानाची गाडी निघतेय, मी मुलीकडे राहायला चाललेय कायमची. परत काही मी ह्या गावात येणार नाही.”

वन्संनी पावती पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मी मान उंच करून नंबर वाचला. राखाडी कोट!

“कोट तुमचा?” वन्संनी विचारलं.

“माझ्या मिस्टरांचा. गेल्या हिवाळ्यात गेले ते.”

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पाटी वाचा, वर्ष कधीच उलटलं. वन्सं म्हणाल्या, “कोट आहे. पण आत्ता इथं नाही. एका माणसाला इंटरव्ह्यूला घालायला दिलाय. काम झालं की तो थेट इथंच येईल.”

बाई जे सुटल्या! “माझ्या माणसाचा कोट कुणी ऐरागैरा घालून फिरतोय? तुम्ही वाटलात? लाज आहे का जरा? आधी वेळेवर दिला नाहीत आणि आता वाटत सुटलात!”

“वेळेवर म्हणजे?” मी मशीन थांबवून विचारलं.

“इंटरव्ह्यू होता त्यांचा,” बाई माझ्याकडे वळल्या. “त्याच्यासाठीच धुवायला टाकला होता. सकाळी न्यायला आले तर तुम्ही म्हणालात, झाला नाही, उद्या या. तसेच घरी परतले. ती नोकरी गेली आणि पुढं दुसरी लागलीच नाही. घरातच बसून राहिले. इतकी वर्षं मी ह्या रस्त्यानं गेले नाही. वळसा घालून बाजारात जायचे, पण तुमच्या दुकानाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं.”

चोराच्या उलट्या बोंबा! त्या कोटाचं मधलं बटण तुटलं होतं. तसलं बटण मिळवायला मी गावभर हिंडले होते आणि त्यांच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळीच ते लावलं होतं. कोट पुढच्या दांड्यावर, काचेला लागून, सगळ्यांत पहिला टांगलेला होता. न्यायला कुणी आलंच नाही. हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या,

“झाला असेल उशीर. चूक झाली असेल आमची. तुम्ही बसा. कोट येईपर्यंत बसा.”

बाई स्टुलावर बसल्या. मी वन्संचा हात धरून त्यांना पडद्यामागं ओढलं.

“काय हे वन्सं? कोट तयार होता! मी स्वतः बटण लावलंय. आपल्या दुकानाच्या नावाला काळं फासून घ्यायची हौस आलीय का तुम्हाला?”

“हळू बोल.”

“का हळू बोलू? त्यांचा नवरा घरी थाप मारून गेला आणि इतकी वर्षं शिव्या आपण खाल्ल्या!”

“मग खाऊ की,” वन्सं म्हणाल्या. “दुकानावर रागावता येतं माणसाला. गेलेल्या नवऱ्यावर रागावून ती कुठं जाईल?”

खरं सांगते, मला रागच आला. इतकं चांगलं असायची काही गरज असते का? आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, कारण वन्संनी खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, मागच्या दांड्यावरचे कपडे एकेक करून टेबलावर ठेवले आणि भिंतीला शिडी लावली. बोलल्याप्रमाणे दांडा उतरवायला निघाल्या. म्हणजे मलाच आनंद व्हायला हवा होता. मी कितीदा म्हटलं होतं, बंद करा म्हणून. आणि आता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, काय करता!

“हे काय चाललंय?” पडदा बाजूला झालेला पाहून बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. दांडा कशाचा, कपडे कुणाचे, वन्संचा शब्द काय होता. मला वाटलं, बाई म्हणतील, राहू द्या.

“काढा,” त्या म्हणाल्या. “काढाच.”

एका बाजूचे स्क्रू निघाले. दांड्याचं एक टोक खाली आलं. त्या वेळी दारात शिडी उभा राहिला. म्हणजे तो माणूस. घामानं निथळत होता आणि कोट मात्र एकही सुरकुती न पाडता घातलेला. आपल्या स्टुलावर कुणी परक्या बाई बसलेल्या पाहून तो दारातच घुटमळला. माझ्या जिवात जीव आला. निदान आला तरी!

वन्संना सवयीनं राहवलं नाही. शिडीवर उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, “किती जण होते समोर?”

“तिघं,” तो म्हणाला. “नाही म्हणाले हो ताई. तोंडावरच. वय जास्त झालं म्हणाले.”

“काय विचारलं?”

“कागद ओला झाला तर काय कराल, ते विचारलं. ते मी सांगितलं व्यवस्थित, मान डोलावत होते. मग म्हणाले, मधली वर्षं काय करत होतात?” तो ओशाळं हसला. “ह्याच प्रश्नाला मी घाबरत होतो. खरं सांगू? सकाळी त्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि वाटलं, नकोच. घरी काय सांगायचं तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. म्हणायचं, लॉन्ड्रीवाल्यांनी कोट तयारच ठेवला नव्हता. कोण येणार होतं तुम्हाला विचारायला?”

इस्त्रीवाले काका इस्त्री हातात धरून तसेच उभे. बाई स्टुलावरून सावकाश उठल्या.

“मग तरी का गेलात?” त्यांनी विचारलं.

“कोट अंगात होता ना,” तो म्हणाला. “अंगात घालून कसं सांगणार, मिळाला नाही म्हणून?”

मी वन्संकडे पाहिलं. तो तिसरा नियम! इतकी वर्षं मी त्याला जुलूम म्हणत होते.

बाईसुद्धा वन्संकडेच पाहत होत्या. “त्या दिवशी कोट तयार होता,” त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

वन्सं शिडीवरून खाली उतरल्या. स्क्रू-ड्रायव्हर पदराला पुसत राहिल्या. मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

“म्हणजे ते आलेच नव्हते,” बाई म्हणाल्या.

“आले होते,” वन्सं म्हणाल्या. “समोरच्या फुटपाथवर उभे होते. कोट काचेतून त्यांना दिसत होता, मीही दिसत होते. मला वाटलं, येतील. मी हाक मारली नाही. गिऱ्हाइकाला हाक काय मारायची, असं वाटलं. मग मधे बस आली, आणि बस गेली तेव्हा ते नव्हते. पुढं वर्षभर कोट तिथंच ठेवला मी, काचेला लागून. न्यायला येतील म्हणून. मग ठरवलं, आता कुणी आलं ना, तर आपल्या हातानं घालायचा अंगात, आणि परत आल्यावर विचारायचं काय झालं ते.”

“किती वेळ उभे होते?”

“बराच वेळ. माझे ढीगभर शर्ट झाले तोवर.”

“हातात फाइल होती?”

“होती. छातीशी धरली होती.”

“मी दिली होती ती,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. पदरात तोंड खुपसून रडल्या. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे जायचं होतं त्यांना. बिचारे इथपर्यंत आले होते. आणि मी म्हणायचे, तुम्ही त्या लॉन्ड्रीवालीशी भांडला का नाहीत! रोज म्हणायचे.”

शिडीला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण कोट कुणाचा ते कळलं. त्यानं घाईघाईनं बटणं सोडली आणि कोट दोन्ही हातांनी बाईंसमोर धरला. बाईंनी कॉलरवरून हात फिरवला. बाही उलटून पाहिली.

“कच्चा टाका आहे,” मी म्हटलं. “आत्ता उसवून होती तशी करून देते.”

“असू द्या.” त्यांनी कोट छातीशी धरला, बराच वेळ धरला. मग काउंटरवर ठेवला आणि नाक पुसून एकदम व्यवहाराच्या आवाजात म्हणाल्या, “धुवायला टाकायचाय. पावती करा.”

वन्संनी पावतीपुस्तक पुढं ओढलं. “पण तुमची गाडी तर दुपारी निघतेय ना?”

“निघतेय.”

“मग न्यायला कधी येणार?”

बाईंनी पाटीकडे बोट केलं. “तिथं काय लिहिलंय? एका वर्षाच्या आत न्यावेत. वर्षाच्या आत मी काही येत नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा.” आमच्याकडे राहणाऱ्या पावतीच्या मागं त्यांनी स्वतःचा फोन नंबर लिहायला लावला. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. “आणि तो दांडा बसवा नीट. एका बाजूनं लोंबतोय, कुणाच्या तरी डोक्यात पडेल.”

दांडा बसवायला शिडीनंच हात लावला. त्याला शिडीची गरजच पडली नाही. पुढं तो तपकिरी कोट घालून आणखी कुठं कुठं गेला आणि एका औषधांच्या गोदामात त्याला काम लागलं. हल्ली शर्ट आमच्याकडेच टाकतो. माझे मिस्टर म्हणतात, बघ, जाहिरात.

राखाडी कोट वर्षभर पुढच्या दांड्यावर होता, काचेला लागून. नियम म्हणजे नियम. वर्ष भरलं त्या दिवशी वन्संनी सांगायच्या आधी मीच उठले आणि कोट मागं नेऊन लावला. चारच दिवसांत एक पोरगेलासा मास्तर आला, पहिल्याच नोकरीच्या इंटरव्ह्यूला निघालेला. त्याला बाह्या लांब होत होत्या. मी आत दुमडून कच्चा टाका घातला आणि त्याला रस्त्यावर काढलं. मग बाईंना फोन लावला.

वाटलं होतं, विचारतील कोण आहे, कसा दिसतो, कोट शोभला का. त्यांनी ते काहीच विचारलं नाही.

“इथून घालूनच गेला ना?” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं. “घालूनच गेला.”